शिनसेकाई, ओसाका: कुशिकात्सु, स्मार्ट बॉल आणि शोगीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेली मराठी मंडळी क्योतोच्या देवळांबद्दल मला काही विचारत नाहीत. त्याची माहिती त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असते. प्रश्न येतात ते शिनसेकाईबद्दल: काय खायचं, कसं खायचं, तिथले म्हातारे कुठला खेळ खेळत बसलेले असतात, आणि तिकडे जावं का. तीच उत्तरं फोनवर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत.

१. शिनसेकाई म्हणजे नक्की काय? बाजार, की अम्युझमेंट पार्क?

वस्ती. ओसाका शहराच्या नानिवा वॉर्डात, तेन्नोजी प्राणिसंग्रहालयाला खेटून. मधोमध त्सूतेनकाकू नावाचा मनोरा, त्याच्या पायाशी खानावळी आणि जुनी खेळघरं, आणि दक्षिणेच्या टोकाला जानजान योकोचो हा वर छप्पर असलेला चिंचोळा बोळ. त्याचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, नान्यो-दोरी, पण ते कोणी घेत नाही. एके काळी इथल्या दुकानांत गिऱ्हाईक ओढायला शामिसेन हे तंतुवाद्य वाजवत. त्याचा ‘जान जान’ आवाज बोळाला चिकटला तो कायमचा. तिकीट, फाटक, वेळ असं वस्तीला काही नाही. मनोऱ्यावर चढायचं असेल तरच तिकीट.

२. ‘शिनसेकाई’ म्हणजे ‘नवं जग’ ना? मग सगळं इतकं जुनाट कसं?

नाव ठेवलं तेव्हा ते नवंच होतं. १९०३ मध्ये या भागात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्या मोकळ्या झालेल्या जागेच्या एका भागावर १९१२ मध्ये शिनसेकाई उभं राहिलं. उत्तरेकडचा अर्धा भाग पॅरिससारखा, दक्षिणेकडचा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारखा, अशी हौस. लुना पार्क नावाची जत्राच तिथे बांधली होती, आणि ६४ मीटर उंचीचा पहिला त्सूतेनकाकू. खाली पॅरिसच्या विजयकमानीसारखा पाया, वर आयफेलसारखं डोकं. मनोऱ्यापासून लुना पार्कपर्यंत रोपवेसुद्धा होता.

लुना पार्क १९२३ मध्ये बंद पडलं. १९४३ मध्ये मनोऱ्याच्या पायाशी आग लागली आणि उरलेलं लोखंड युद्धासाठी काढून नेलं. आज दिसतो तो दुसरा मनोरा १९५६ चा, नाइतो ताचू यांनी आराखडा केलेला. पुढे तोक्यो टॉवरही त्यांनीच केला. मूळ उंची १०३ मीटर, वरच्या दांड्यासह आता १०८.

युद्धानंतर शहराचा पैसा दुसरीकडे गेला. इथे हातावर पोट असलेले मजूर येत राहिले, आणि पाडून नवं बांधायला कोणाला फारशी घाई नव्हती. म्हणून शोवा काळाचा, म्हणजे १९२६ ते १९८९ मधल्या जपानचा, चेहरा इथे टिकला. जपानी लोक हल्ली ज्याला ‘शोवा रेट्रो’ म्हणून कौतुकाने बघतात, ते इथे जपलेलं नाही, उरलेलं आहे.

३. कसं पोहोचायचं आणि किती वेळ ठेवायचा?

मेट्रोने आलात तर एबिसुचो किंवा दोबुत्सुएन-माए. जेआर किंवा नानकाई रेल्वेने आलात तर शिन-इमामिया. कान्साई विमानतळावरून नानकाई थेट तिथे येते. मी एबिसुचोला उतरायला सांगतो, कारण जिना चढून बाहेर आलात की रस्त्याच्या टोकाशी मनोरा समोरच उभा असतो.

दुपारी तीनच्या सुमारास या. आधी खेळा, मग खा, अंधार पडल्यावर दिवे बघा. मनोऱ्याच्या टोकाचे दिवे दुसऱ्या दिवशीचं हवामान सांगतात: पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी म्हणजे ढगाळ, निळा म्हणजे पाऊस. चार तास पुरे. शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, अडकलात (प्रश्न १०) तर माझी जबाबदारी नाही.

४. कुशिकात्सु म्हणजे जपानी भजीच ना?

घरी सांगायला ‘भजी’ चालेल, पण खाताना फरक कळतो. कुशी म्हणजे काडी. मांसाचा, माशाचा किंवा भाजीचा एक-दोन घासांचा तुकडा काडीला टोचायचा, अंडं घातलेल्या पिठात बुडवायचा, बारीक पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तळायचा. चुरा जितका बारीक तितकं तेल कमी धरतं, म्हणून दहा काड्या खाऊनही पोट जड होत नाही. वर पातळ, काळसर, आंबटगोड सॉस.

हा पदार्थ इथल्या मजुरांसाठी झाला. उभ्याने, हाताने, पटकन, कमी पैशांत. इथलं सगळ्यात प्रसिद्ध दुकान ‘दारुमा’ १९२९ पासून आहे. त्याच्या कपाळावर आठ्या घातलेल्या आचाऱ्याचा पुतळा तुम्ही फोटोत पाहिलाच असेल. पण रांग फार असेल तर हट्ट करू नका. बाजूच्या बोळातली आठ खुर्च्यांची दुकानं मला जास्त आवडतात, कारण तिथे काडी कढईतून थेट तुमच्या ताटलीत येते.

एका काडीला सध्या साधारण दीडशे ते अडीचशे येन पडतात. भूक असलेल्या माणसाला आठ-दहा लागतात. टिप द्यायची नाही. ठेवलीत तर मालक तुमच्या मागे धावत येऊन परत देईल.

५. सॉसमध्ये दुसऱ्यांदा बुडवलं की ओरडतात म्हणे. एवढं काय त्यात?

हा नियम मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. त्याला आपण ‘उष्टं’ म्हणतो.

सॉसचं स्टीलचं भांडं सगळ्या गिऱ्हाइकांत एकच असायचं. चावलेली काडी पुन्हा त्यात घातली की शेजाऱ्याच्या सॉसमध्ये तुमचं उष्टं गेलं. म्हणून भिंतीवर पाटी: ‘सॉस निदोझुके किन्शी’, दोनदा बुडवायला मनाई. बुडवायचं ते एकदाच, चावण्याआधी, आणि हवं तेवढं खोल. सॉस कमी पडला तर? समोर कच्च्या कोबीच्या पानांची वाटी असते. एक कोरं पान घ्यायचं, त्याने सॉस उचलायचा आणि काडीवर ओतायचा. कोबी तळकटपणावर उतारा म्हणूनही खातात.

पहिल्या खेपेला माझ्या हातून अर्धी खाल्लेली कांद्याची काडी भांड्याच्या तोंडापर्यंत गेली होती. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त भांडं उचलून स्वतःकडे ओढलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अपवाद: कोविडनंतर बऱ्याच दुकानांनी सामाईक भांडी काढून सॉसच्या बाटल्या ठेवल्या. बाटली असेल तर तुमच्या ताटलीतल्या सॉसमध्ये दहादा बुडवा. पाटी मात्र अनेकांनी तशीच ठेवली आहे, त्यामुळे पाटी न बघता समोर भांडं आहे की बाटली ते बघा.

६. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण स्पष्टच सांगतो: ‘शुद्ध’ हा शब्द इथे टिकणार नाही.

भाज्यांच्या काड्या भरपूर असतात: कमळकाकडी, कांदा, शतावरीचे कोंब, शिताके अळंबी, ढोबळी मिरचीची लहान बहीण पीमान, बटाटा, मोची (चिकट तांदळाचा गोळा), चीज, आणि ओसाकाची खासियत ‘बेनी शोगा’ म्हणजे आंबट रसात मुरवलेलं लालभडक आलं. पण पिठात अंडं असतं. कढई एकच, तिच्यातच मांस तळलेलं. बऱ्याच जुन्या दुकानांत तेलात गाई-डुकराची चरबी असते, चव तिचीच असते. सॉसमध्येही मांसाचा किंवा माशाचा अर्क असू शकतो. अंडं आणि कढई चालत असेल तर ‘आबुरा वा नान देस् का?’ (तेल कसलं आहे?) एवढं विचारा. ‘शोकुबुत्सु’ असं काही ऐकू आलं तर वनस्पती तेल.

हे चालत नसेल, किंवा तुम्ही जैन असाल, तर कुशिकात्सु डोक्यातून काढा आणि खेळांवर लक्ष द्या. एक गोष्ट मात्र सोडू नका: मिक्स ज्यूस. ओसाकाच्या जुन्या कॉफीघरांत मिळतो. दूध, केळं, संत्र्याच्या फोडी, पीच, बर्फ, सगळं मिक्सरमधून. १९४८ पासूनचं सेन्नारिया हे शिनसेकाईतलं दुकान स्वतःला त्याचं जन्मस्थान म्हणवतं. शिकरणाचा शहरात राहायला गेलेला चुलतभाऊ समजा.

७. मांसाहार करतो, पण बीफ नको. मेनूत ‘निकु’ लिहिलंय, ते चिकन का?

नाही, आणि इथेच आपली माणसं फसतात. जपानीत ‘निकु’ म्हणजे मांस. पण ओसाकाकडे नुसतं ‘निकु’ म्हटलं की बीफ. त्यामुळेच तोक्योत ज्या डुकराच्या मांसाच्या वाफवलेल्या पावाला ‘निकुमान’ म्हणतात, त्याला इथे ‘बुतामान’ म्हणावं लागतं. मेनूत पहिल्या ओळीत नुसतं ‘कुशिकात्सु’ लिहिलेलं असतं तेही बहुधा बीफच.

‘ग्यूनिकु वा ताबेमासेन’ (मी बीफ खात नाही) असं आधीच सांगा. मग मागायचं ते नाव घेऊन: एबी (कोळंबी), इका (माकूळ), तोरी (कोंबडी), बुता (डुक्कर), उझुरा (लावरीची अंडी). ‘मोरिआवासे’, म्हणजे दुकानदार ठरवेल ते मिश्र ताट, घेऊ नका. पहिली काडी बीफचीच येते. चरबीचा मुद्दा प्रश्न ६ प्रमाणेच.

८. कुशिकात्सु सोडून इथलं खास काय खावं?

दोतेयाकी. बीफचे स्नायुबंध मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) आणि मिरिनमध्ये (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) तासन्‌तास शिजवत ठेवतात, पार मऊ लोण्यासारखे होईपर्यंत. दारात चौकोनी कढईत रटरटत असतं, वर पातीचा कांदा. बीफ न खाणाऱ्यांना अर्थातच बाद.

ताकोयाकी सगळ्या ओसाकात मिळतात, इथेही. तवा बघाल तर आमच्या आजीचं आप्पेपात्रच. फक्त आत ऑक्टोपसचा तुकडा आणि पीठ माशाच्या रश्शात कालवलेलं. १९३० च्या दशकात ओसाकातच, आत बीफ आणि कोन्याकु (एका कंदाची घट्ट जेली) घातलेल्या ‘रेडिओयाकी’वरून ते निघाले. तोंडात लगेच टाकू नका. बाहेरून निवलेलं दिसतं, आत लाव्हा असतो.

फुगू माशाचा तो प्रचंड कंदील बघायला येणार असाल तर उशीर झाला. ते दुकान २०२० मध्ये बंद झालं आणि कंदील उतरवला. जुने फोटो अजून फिरतात, म्हणून हा प्रश्नही फिरतो.

९. स्मार्ट बॉल म्हणजे पाचिंकोच का?

दोघं एकाच घराण्यातले, पण स्वभाव वेगळे. लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर, स्प्रिंगचा दांडा ओढून गोटी मारायचा बगाटेल खेळला असाल तर तुम्हाला स्मार्ट बॉल येतो. किंचित उताराचं, टेबलाएवढं लाकडी यंत्र, वर काच. गोट्या मोठ्या, काचेच्या. दांडा ओढा, सोडा, गोटी वर जाते आणि खिळ्यांना धडकत खाली येते. ५ किंवा १५ लिहिलेल्या भोकात गेली तर तेवढ्या नव्या गोट्या धडाधडा काचेवर ओतल्या जातात. त्या आवाजासाठीच खेळायचं. कुठल्याच भोकात न जाता तळाशी गेली तर गेली.

पाचिंको म्हणजे जपानी जुगाराचं यंत्र: उभा, पोलादी बारीक गोळ्यांचा, कानठळ्या बसवणारा, आणि त्यात लोक पगार घालवतात. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. स्मार्ट बॉलमध्ये शेवटी हाती येतं ते चॉकलेट-गोळ्यांइतकंच, त्यामुळे कोणाचं घर बुडत नाही. युद्धानंतरच्या काळात स्मार्ट बॉलची दुकानं गावोगावी होती. पाचिंकोने ती गिळली. आता अख्ख्या जपानात मोजकी उरली, त्यातलं ‘न्यू स्टार’ शिनसेकाईत आहे.

युक्ती विचारतात, म्हणून: दांडा पूर्ण ओढू नका. नवखा माणूस जोर लावतो आणि गोटी वरच्या कडेवरून भलतीकडेच जाते. अर्ध्यापेक्षा थोडा जास्त ओढून एकाच ठिकाणी पाच-सहा गोट्या मारा. मग यंत्र कुठे झुकतं ते कळतं. जुनं लाकूड आहे, प्रत्येकाची खोड वेगळी.

१०. मला बुद्धिबळ चांगलं येतं. शोगी क्लबात जाऊन एक डाव टाकू का?

टाका, पण बुद्धिबळ येतं म्हणून नव्हे. उलट तेच आड येतं.

जानजान योकोचोत पूर्वी शोगी आणि गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ) खेळायच्या क्लबांची रांग होती, आता बोटांवर मोजण्याइतके राहिले. मोठी काच, आत म्हातारे समोरासमोर, बाहेर चार माणसं काचेला नाक लावून डाव बघतायत. सांगलीच्या बुद्धिबळवाल्याला हे दृश्य घरचं वाटेल. शोगी आणि बुद्धिबळ दोन्ही आपल्या चतुरंगाच्याच वंशातले आहेत.

आता फरक. पट ९ बाय ९, प्रत्येकाकडे २० सोंगट्या. रंग सगळ्यांचा एकच. पाचरीसारख्या सोंगटीचं टोक ज्याच्याकडे रोखलेलं, त्याच्या शत्रूची ती. वजीर नाही. हत्ती एक, उंट एक. घोडा अडीच घरंच जातो, पण फक्त पुढे. प्यादं समोरच मारतं, तिरकं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: मारलेली सोंगटी मेली नाही. ती तुमच्या हातात येते आणि पुढच्या एखाद्या खेळीला तुम्ही ती पटावर रिकाम्या घरात तुमची म्हणून उतरवू शकता. त्यामुळे डावाच्या शेवटी पट ओस पडत नाही, उलट तापतो. ‘सोंगट्या कमी करून बरोबरी घेऊ’ हा आपला हिशेब इथे कामाचा नाही.

नवख्याला हमखास हरवणारे दोन नियम: एकाच उभ्या रांगेत तुमची दोन साधी प्यादी होतील असं प्यादं उतरवलंत तर डाव तिथेच गेला. त्याला ‘निफु’ म्हणतात. आणि हातातलं प्यादं उतरवून थेट मात देता येत नाही. पटावरचं प्यादं पुढे सरकवून मात दिली तर चालते. यावर मी एका संध्याकाळी अर्धा तास वाद घातला, हातवाऱ्यांनी, आणि हरलो.

आत जाण्याची रीत: दारात बसायचे पैसे द्यायचे, ‘शोशिन्शा देस्’ (नवखा आहे) म्हणायचं. सोंगट्यांवरची अक्षरं आधी मोबाइलवर पाठ करून या, नाहीतर समोरच्याचा वेळ जातो. हरलात की मान झुकवून ‘माकेमाशिता’ (मी हरलो) म्हणायचं. राजा मरेपर्यंत थांबायचं नसतं.

मनोऱ्याजवळ शोगीच्या राजाच्या सोंगटीचं स्मारक आहे, साकाता सांकिची यांचं. शेजारच्या साकाईत १८७० मध्ये जन्मलेला, गरीब घरचा, जेमतेम अक्षरओळख असलेला हा खेळाडू. १९४६ मध्ये ते गेले, आणि ‘मेइजिन’ व ‘ओशो’ हे किताब त्यांना मिळाले १९५५ मध्ये. या वस्तीला ते आपले का वाटतात हे वेगळं सांगायला नको.

११. बरोबर मुलं आहेत. त्यांच्यासाठी काय?

शातेकी, म्हणजे बुचाच्या गोळीची बंदूक. फळीवर मांडलेली वस्तू नुसती हलून उपयोग नाही, खाली पडली तरच तुमची. जड डब्यांच्या मागे लागू नका. हलकी, उंच वस्तू, आणि नेम वरच्या कोपऱ्यावर. खेळघरांच्या दारांवर वयाची पाटी असते, ती बघून आत जा.

मनोऱ्यात २०२२ पासून ६० मीटर लांबीची घसरगुंडी आहे, दहा सेकंदांत खाली. वय, उंची, वजनाच्या अटी आहेत. प्राणिसंग्रहालय १९१५ पासूनचं आहे, सोमवारी बहुधा बंद. भोवरा, गोट्या असे गल्लीतले खेळ इथे फारसे दिसत नाहीत. ‘बेइगोमा’ हा बारका लोखंडी भोवरा, पिंपावर ताणलेल्या कापडावर लढवायचा, जत्रांमध्ये शोधा.

१२. सगळीकडे तो हसरा, टोकदार डोक्याचा देव कोण आहे?

बिलिकेन. जपानी नाही, अमेरिकी आहे. १९०८ च्या सुमारास मिसुरी राज्यातल्या फ्लॉरेन्स प्रेट्झ या चित्रकलेच्या शिक्षिकेने घडवलेली ही आकृती. लुना पार्कात त्याची मूर्ती होती, पार्क बंद पडल्यावर ती हरवली. नंतर मनोऱ्यात नवी बसवली. आताची तिसरी, २०१२ ची. तळवे चोळले की इच्छा पूर्ण होते म्हणतात. आधीच्या मूर्तीचे तळवे चोळून चोळून खोलगट झाले होते.

१३. तो भाग धोक्याचा आहे असं ऐकलं. एकट्या बाईने जावं का?

शिनसेकाईत रात्री नऊपर्यंत बिनधास्त जा. दारू प्यालेले आजोबा गप्पा मारायला येतील, एवढंच.

ही बदनामी मुख्यतः रुळांपलीकडच्या कामागासाकीची, म्हणजे निशिनारी वॉर्डातल्या रोजंदारी मजुरांच्या वस्तीची. १९६० च्या दशकात तिथे दंगली झाल्या होत्या. १९७० च्या एक्स्पोचं बांधकाम अशाच हातांनी झालं. आता ते मजूर म्हातारे झालेत आणि त्यांच्या खोल्यांची स्वस्त हॉटेलं झालीत. शिन-इमामियाजवळ फार स्वस्त खोली बुक केली असेल तर तुम्ही बहुधा तिथेच राहणार आहात. घाबरू नका, पण सकाळी रांगेत उभ्या माणसांवर मोबाइल रोखू नका. आणखी दक्षिणेला तोबिता हा वेश्यावस्तीचा भाग आहे, तिथे फोटोला सक्त मनाई. शोगी क्लबाच्या काचेतूनही आतल्या माणसांचे फोटो न काढलेलेच बरे. डाव बघा.

आणि ओसाका शहरात जानेवारी २०२५ पासून रस्त्यावर सिगारेट ओढायला बंदी आहे, दंड १,००० येन.

१४. खरं सांगा, हे सगळं आता पर्यटकांसाठीच नाही का?

बरंचसं. १९९६ मध्ये एका टीव्ही मालिकेत ही वस्ती आली आणि लोक बघायला येऊ लागले. पुढे मोठ्या पाट्यांची, चार भाषांत मेनू असलेली दुकानं वाढली. मुख्य रस्त्यावर संध्याकाळी सहाला तुम्हाला ओसाकाचा माणूस दिसणं कठीण. पण कामाच्या दिवशी दुपारी जानजान योकोचोत या. स्मार्ट बॉलवर डब्यात गोट्या साठवून बसलेली आजी अजून असते, आणि तिला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं.

१५. स्मार्ट बॉलच्या उरलेल्या गोट्या आठवण म्हणून घरी आणता येतील का?

नाही. गोट्या दुकानाच्या. उठताना डबा गल्ल्यावर द्यायचा, त्या मोजतात आणि बदल्यात खाऊ देतात. माझी आजवरची सगळ्यात मोठी कमाई दोन चॉकलेटं आणि बडीशेपेसारख्या गोळ्यांची एक पुडी. ती पुडी मी बाजूला बसलेल्या आजीला दिली. तिने तोंड न फिरवता हात पुढे केला, घेतली आणि दांडा ओढला.